डावीकडे ओढणारी गाडी

मी फार बोलणारा माणूस नाही. नको ते मात्र एकदा बोलून बसलो, आणि ते निस्तरायला मला तीन वर्षं लागली.

आम्ही शिरपूरला राहतो. बायकोचं माहेर केनवड. तिच्या भाचीच्या बारशाला आम्ही मोटारसायकलवर निघालो होतो. वाटेत मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोरानं ट्यूब काढून ठिगळ लावलं, पण चाक मीच बसवतो म्हणालो. गाडीचं मला सगळं कळतं, असा माझा समज. उशीर होत होता. चेन ताणायचा उजवीकडचा नट आवळला, डावीकडचा राहून गेला. चाक तिरपं बसलं. पुढं एका पुलाजवळ गाडी डावीकडं ओढत मुरमात उतरली आणि बायको पडली. ती लुगडं नेसून नेहमी बसते तशीच बसली होती, एका बाजूनं, दोन्ही पाय डावीकडं. गुडघा खरचटला, चिवड्याचा डबा सांडला.

केनवडला अंगणातल्या पंगतीत सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “हिच्या बसण्यानं गाडी ओढते. सारं वजन एका बाजूनं येते ना.”

पंगत हसली. तिची वहिनी म्हणाली, “बाई, आता ट्रॅक्टरनंच येत जा!” बायकोही हसली. पण त्या दिवसापासून ती माझ्या मागं बसली नाही. आणि रात्रीच्या जेवणात अर्धी भाकर मोडून परत टोपल्यात ठेवायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी पुसायला बसलो. चाकाच्या दोन्ही अंगांना रेघांच्या खुणा असतात. डावीकडची खूण जागीच राहिलेली, उजवीकडची मागं सरकलेली. सगळं उघड झालं. पाना हातात होता. तरी मी चाक सरळ केलं नाही. केलं असतं तर ती तशीच बसली असती आणि गाडी सरळ गेली असती. मग माझं बोलणं? ते खरं राहावं म्हणून मी गाडी वाकडी ठेवली. चेन सैल झाली की दोन्ही नट सारखेच फिरवायचो, म्हणजे तिरपेपणा जसाच्या तसा. चेन एका अंगानं झिजायची, करकर वाजायची. मी नवी टाकायचो.

यंदा तिच्या भाच्याचा साखरपुडा ठरला. त्याच्या तयारीसाठी आम्ही आधी एकदा जाऊन आलो. ती एसटीनं, मी गाडीनं. एकाच घरातून, एकाच गावाला. मी एसटीच्या मागोमाग चाललो होतो आणि ती मागच्या खिडकीत बसली होती. मला बघून तिनं हात केला. माझ्या मागची सीट रिकामी. मला हात करता आला नाही.

रविवारी गाडी डबल स्टँडवर लावली. चाक सरळ आहे का ते बघायला मागच्या टायरला सुतळी गुंडाळून तिची दोन टोकं दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापर्यंत ताणायची असतात. टोकं विटांना बांधता येतात. पण मी तिलाच हाक मारली.

ती पुढं उकिडवी बसली, टोकं ताणून धरली. “डावीकडं दोरी टायरले चिकटून राह्यली,” ती म्हणाली, “अन् उजवीकडं बोटभर जागा हाये. असंच पाह्यजे काय?”

“नाही. दोन्हीकडं सारखी पाह्यजे. चाक वाकडं हाये.”

“कवापासून?”

“बारशापासून.”

तिनं एकदा चाकाकडं पाहिलं. मग म्हणाली, “तुमाले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

तिनं सुतळी सोडली आणि आत गेली. मी टोकं विटांना बांधली, नट थोडा थोडा फिरवत राहिलो. दोन्हीकडची जागा सारखी झाली तेव्हा ती दारात उभी होती.

“तुरीचा कट्टा आना.”

“कायले?”

“माह्या जागी ठेवा. डावीकडं लोंबता बांधा. मले पाहू द्या.”

मी तुरीचं पोतं तसं बांधलं. गल्लीतून फेरी मारली. गाडी जरा झुकली, पण ओढली नाही. शेजारचा ओट्यावरून ओरडला, “काहो भाऊ, वहिनीले सोडून कट्टा फिरवून राह्यले?” मी परत आलो. ती हसत नव्हती.

“जिथं बोलले तिथंच सांगा,” ती म्हणाली. “घरात सांगून काय उपेग?”

साखरपुड्याला ती मागं बसली, पहिल्यासारखीच, पाय डावीकडं. पूल आला तशी तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पूल गेला आणि बोटं सैल झाली. खूप दिवसांनी त्या रस्त्यावर मला बरं वाटलं.

पंगतीत तीच माणसं होती. शेवटी म्हणालो, “बारशाच्या वक्ती मी बोललो व्हतो, ते खोटं व्हतं. चाक मीच वाकडं बसवलं व्हतं. मले माहीत व्हतं.”

मग थोरला मेव्हणा म्हणाला, “म्हंजे भाऊजी, चाक तुमचं वाकडं अन् नाव आमच्या बाईचं?”

हसू फुटलं. या वेळी ते माझ्यावर होतं आणि मला ते चाललं. ट्रॅक्टरवाली वहिनी पोळ्यांची परात घेऊन वाढत आली आणि बायकोच्या ताटाशी थबकली.

“थांबली काहून?” बायको म्हणाली. “वाढ वं. चाक सरळ झालं आता.”

वहिनीनं पोळी वाढली, वर तूप ओतलं. मी तिरक्या नजरेनं पाहत राहिलो. बायकोनं पोळी मोडली ती खायलाच. ताटात काही उरलं नाही.