साळूमावशीची ढोलकी

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाचा लिलाव मी पुकारत असे. पेशानं मास्तर, त्यामुळं आवाज मोठा, आणि अक्कल फक्त आपल्यालाच आहे हा समज त्याहून मोठा. सणाला प्रत्येक घरानं आपल्या मिळकतीतलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवायचं आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. बाजरी, भोपळे, गावरान अंडी, एखादा कोंबडा. कोंबड्याची पाळी आली की मी मंडळींना हसवून सोडायचो.

साळूमावशी उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायची आणि दवाखान्यात आयाचं काम करायची. नवरा लवकर गेला होता. एकुलता एक मुलगा कारभारी, तो चर्चच्या भजनात ढोलकी वाजवायचा. बहात्तरच्या दुष्काळात काम शोधायला म्हणून लासूर स्टेशनला गाडीत बसला, त्यानंतर ना पत्र, ना निरोप.

त्या वर्षी सणाला मावशीच्या घरात मूठभर दाणे नव्हते. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून तिनं पोराची ढोलकी आणून ठेवली. पण लिलावात कुणीतरी बोली लावली आणि तिचा जीव कासावीस झाला. तिनं सगळा पगार बोलून ढोलकी परत घेतली. अर्धी मंडळी रडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ढोलकीवर दुसरं कुणी बोली लावेनासं झालं.

मी एकदा चेष्टेनं विचारलं, "मावशी, ढोलकीला देवाच्या दारी फिरवून आणता व्हय?"

"देवाला दाखवते, मास्तर," ती म्हणाली. "पोराचं सामान अजून हाय म्हणते. इसरू नको."

नवव्या वर्षी ढोलकी वेदीपुढं आली, लिलावातही आली. एरवी माझ्या अगदी समोर उभी राहणारी मावशी त्या दिवशी फाटकापाशी, कडुलिंबाखाली उभी होती. हात पदराखाली, नजर जमिनीकडं. मी दोनदा पुकारलं, ती बोलली नाही. मला वाटलं, म्हातारीची यंदा ओढाताण असेल. पैसे मी भरीन. मनातल्या मनात माझी मलाच शाबासकी देऊन मी ओरडलो, "एक वार, दोन वार, तीन वार! साळूमावशी!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतः चालत जाऊन ढोलकी तिच्या हातात दिली.

"मी बोलले नव्हते, मास्तर."

"तुमच्या वतीनं मी बोललो."

 ती म्हणाली, "पंधरा दिस उपास केला मी. पोरगं देवाच्या हवाली करायचं, वाट बघणं सोडायचं, म्हणून जीव घट्ट केला व्हता. लई अवघड गेलं. दिलं व्हतं मी, मास्तर."

 मी ढोलकी परत घ्यायला हात पुढं केले. पण तोवर तिनं ती पोटाशी धरली होती, तान्हं लेकरू धरावं तशी, आणि तिची बोटं सुटत नव्हती. तिलाही ते दिसलं.

"आता नाय जमायचं," ती म्हणाली. "एकदाच जमत असतंय ते."

त्यानंतर तिनं ढोलकी सणाला कधी आणली नाही. उपासनेला यायची, पण शेवटच्या बाकावर, आणि प्रार्थनेला डोळे मिटायची नाही. तीन वर्षांनी ती गेली तेव्हा ढोलकी तिच्या उशाशी होती. ढोलकीचं कातडी पूड उंदरांनी कुरतडलं होतं. कुणी वारस नाही म्हणून ती माझ्याकडं आली.

मी लिलाव पुकारणं सोडलं. चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, झालं ते झालं. देवावर सोपवा आणि मोकळे व्हा." मला ते पटतं. देव क्षमा करतो यावर माझा विश्वास आहे, शाळेतल्या पोरांना मी तेच शिकवत आलो.

दर वर्षी कापणीच्या सणाला मी ढोलकी खुंटीवरून काढतो, पुसतो, चर्चच्या फाटकापर्यंत नेतो. आणि घरी परत आणतो.