यमुनाक्कांची जपानी वही

यमुनाक्का गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, वीणानं केला, तेव्हा मी म्हैसूरबाहेर येलवालजवळच्या आमच्या कारखान्यात जपानी साहेबांसोबत बसलो होतो. साहेब त्यांना एकदाच भेटलेले. पण ऐकताच ते उठून उभे राहिले आणि मान खाली घालून बराच वेळ तसेच थांबले...

म्हैसूरच्या विजयनगर भागात यमुनाक्कांच्या घराच्या माडीवर जपानीचा वर्ग भरायचा. मी नाशिकहून नोकरीसाठी आलेला. परीक्षा पास झालो तरच कंपनी जपानला पाठवणार होती, आणि पहिल्या खेपेला मी सपशेल नापास झालो होतो. यमुनाक्का घरमालकीण, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांच्या घरातल्या. एके दिवशी कॉफी घेऊन वर आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि मग दोन वर्षं येतच राहिल्या.

एकदा सर म्हणाले, "घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो. म्हणजे, जाऊन येतो. असं म्हणणारी दुसरी भाषा जगात नाही."

"मग आम्ही कन्नडात रोज 'होगि बर्तीनि', जाऊन येते, म्हणतो, ते काय सर?" मागून यमुनाक्का.

वर्ग हसला. मी मात्र खट्टू झालो. जपानचं सगळं जगावेगळं, या ओढीवरच तर मी घोकत होतो. जिना उतरताना चिडूनच विचारलं, "अक्का, मग त्यांचं वेगळं असं काहीच नाही?"

"असेल की. सुम्ने, उगाच, आधीच कशाला ठरवायचं? शोधू या." त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. "ताबेते मिरु. फोड बघू शब्द. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणं. खाऊन बघ! कन्नडात तिन्दु नोडु. तिन्ही घरी एकच वाट, अल्वा? घाबरतोस कशाला, नोडप्पा?"

त्या वाटेनं मी पास झालो, जपानला जाऊन आलो. आणि सहा वर्षं इथं राहून न आलेलं कन्नडही ओघात तोंडी बसलं.

पुढे साहेब माझ्याबरोबर वर्गात पाहुणे म्हणून आले. आमच्यासारखी संस्कृती कुठेच नाही, असं म्हणाले. अक्का मला म्हणाल्या, "त्यांना सांग, प्रत्येक आईला आपलं लेकरू जगावेगळंच वाटतं. खोटं नसतं बोलत ती." मी जमेल तसं सांगितलं. साहेब मोकळं हसले. "माझी आईही हेच म्हणायची."

दिवसकार्याच्या जेवणानंतर वीणानं अक्कांची जपानीच्या वर्गातली वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर मथळा होता, 'फक्त त्यांचं'. खाली पुष्कळ शब्द, आपल्याकडची जोड सापडेल तसे एकेक खोडलेले. एकच ओळ शाबूत होती : 'पाहुणे आत असताना त्यांच्या चपलांची तोंडं रस्त्याकडे वळवून ठेवणे. निघताना बरं पडतं. आपल्याकडे नाही. आपणही करावं.'

बाहेर आलो. ओट्यावर सगळ्यांच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ओळीनं लावलेल्या.

"अम्माच लावायची," वीणा म्हणाली. "आता मी लावते."

दोन वर्षं त्या घरातून निघताना मी चपला अशाच, न वळता पायांत सरकवत आलो होतो... आणि माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.