माझा विरोध नोंदवून घे

दुपारी जेवण झालं की मी आडवी होते ती नुसती पाठ टेकायला, झोपायला नाही, हे मी गेली पस्तीस वर्षं सांगत आलेय आणि घरातलं एकही माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही. आजही तशीच आडवी झालेय. शेजारच्या शेडमधले कापडाचे माग खडखडताहेत. आमचं गाव मागांचं. या खडखडाटात मला छान डोळा लागतो. शांत झालं की मात्र मी टक्क जागी.

संध्याकाळी सहाला पक्षाच्या तालुका कमिटीची बैठक आहे. विषय एकच, यास्मिन मुल्लाणीची हकालपट्टी.

यास्मिन आमचीच पोर. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची संघटना तिनं उभी केली. गेल्या महिन्यात भर सभेत तिनं सांगितलं, की कापड रंगवणारे कारखाने सगळं पाणी नदीत सोडतात, ते थांबत नाही तोवर कारखाने बंद ठेवा. पक्षाचं म्हणणं, कारखाने बंद म्हणजे चार हजार कामगारांच्या चुली बंद. आता यात डावं कोण आणि उजवं कोण, सांगा बघू? दोघंही लाल झेंड्याखालचेच. पण निवास, आमचा सेक्रेटरी, म्हणतो, घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलं की शिक्षा हवीच.

मला यास्मिनचं पटतं. हे मी कुणापाशी बोललेले नाही. मी आपली इतिवृत्त लिहिते, चाळीस वर्षं झाली. आमच्याकडे आता रीत अशी, की ठराव बैठकीच्या आधीच लिहून ठेवायचा, शेवटी 'सर्वानुमते मंजूर', आणि बैठकीत फक्त सह्या घ्यायच्या. तेवढाच वेळ वाचतो. आजचा अजून लिहायचा राहिलाय. उठले की लिहीन, असं म्हणत मी डोळे मिटते.

माग थांबतात.

सगळे एकदम. लाईट गेली वाटतं, म्हणून मी वर बघते तर पंखा फिरतोय. आणि पायाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हुपरीकर मास्तर बसलेत.

"उठू नकोस," मास्तर म्हणतात. "पाठच टेकलीयस ना नुसती?"

मास्तरांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. माझी पाचावर धारण बसते. पक्षाच्या अभ्यासवर्गात मला वाचायला, प्रश्न विचारायला ज्यांनी शिकवलं ते हे मास्तर. रंगाच्या पाण्यावर पहिल्यांदा बोलले तेही हेच. त्यांनाही असंच काढलं. त्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "शालन, माझा विरोध नोंदवून घे." पेन माझ्या हातात होतं. मी तेव्हाच्या सेक्रेटरीकडे बघितलं, त्यानं मान हलवली, आणि मी लिहिलं, सर्वानुमते. म्हणजे मास्तरांनी स्वतःच्या हकालपट्टीला स्वतःच संमती दिली, असं माझ्या वळणदार अक्षरात दप्तरी आहे. पुढं ते वारले तेव्हा मी मयतीलाही गेले नाही. लाज वाटत होती, आणि कोण बघेल याची भीतीही.

"चहा टाकू?" मी विचारते. मेलेल्या माणसाला काय विचारायचं असतं, मला काय ठाऊक!

"पाणी दे."

मी स्वयंपाकघराचं दार लोटते. आत पक्षाचं ऑफिस आहे. तेच बाक, तोच डुगडुगणारा टेबल, आणि बाकांवर सगळे, असलेले आणि गेलेले, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेत. टेबलावर तांब्या आहे. मी पेला भरते. पाणी निळं आहे.

"आज निळा सोडलाय वाटतं," मागोमाग आलेले मास्तर म्हणतात आणि गटागटा पितात. त्यांचे ओठ निळे होतात. ते पुसत नाहीत.

मला इथून निघायचंय. पण बाकांवर कुजबुज चाललीय आणि पाय हलत नाहीत. कुजबुज ऐकून मी चाट पडते. प्रत्येकजण वेगळंच बोलतोय. एकजण म्हणतो, बंदच करा. दुसरा म्हणतो, बंद नको, मालकाला पाणी साफ करायचं यंत्र बसवायला लावा. एकजण म्हणतो, कारखाने सरकारनं ताब्यात घ्यावेत. कोपऱ्यातला म्हातारा म्हणतो, पोरीचं खरं आहे, पण तिनं आधी आपल्याला विचारायला हवं होतं. अगं बाई, मी मनात म्हणते, आपल्यात एवढी मतं होती? चाळीस वर्षं मी काय लिहीत होते मग?

टेबलामागून कुणीतरी मान वर करतं. कुजबुज बंद. आणि सगळी तोंडं एकदम उघडतात.

"मंजूर."

आवाज एकच आहे, बाईचा.

मी मागच्या दारानं पळते. बाहेर अंगण असायला हवं, तर तिथं दुसरं ऑफिस. झेंडा वेगळा, भिंतीवरच्या तसबिरी वेगळ्या, बाक मात्र तेच. दारात वामनराव उपळेकर उभे. हे आमच्या विरुद्ध पक्षाचे, कट्टर उजवे, मास्तरांशी दर रविवारी शिव्या घालत बुद्धिबळ खेळायचे. तेही गेले, मास्तरांच्या मागोमाग वर्षभरात.

"या शालनताई. आमच्याकडेही बसा की जरा."

"तुम्ही इथं कसे?"

"मी म्हटलं होतं, नदी आई आहे. घाटावर आरती करायची आणि वरच्या अंगाला विष सोडायचं, हे धर्मात बसत नाही. आमचेच कारखानदार समोर बसलेले. म्हणाले, वामनराव, बसा खाली."

"मग तुम्हालाही काढलं?"

"छे हो, आमच्यात काढत नाहीत." ते हसतात, आणि त्यांचेही ओठ निळे दिसतात. "बोलवायचं बंद करतात. मी आपला रोज टोपी घालून निरोपाची वाट बघत बसायचो."

त्यांच्या मागं बाकांवर तीच कुजबुज. एकाला बाहेरचं कापड गावात नको आहे, दुसऱ्याला सगळा बाजार मोकळा हवाय. एकाला फक्त देवळाचं काम व्हायला हवंय, नदीचं त्याला काहीच नाही. एकजण हळूच म्हणतो, वामनराव बरोबर होते, पण माझा पोरगा त्याच कारखान्यात आहे. मग कुणीतरी मान वर करतं आणि तोंडं उघडतात.

"मंजूर."

तोच आवाज. आता मी ओळखते. हा माझा आवाज आहे. मी ठराव वाचून दाखवते तेव्हाचा, घसा खाकरून काढलेला. आवाज त्यांच्या तोंडातून येतोय आणि जीभ माझी हलतेय. मी दोन्ही हातांनी तोंड दाबते. तरी हलतेच.

"मास्तर!" मी ओरडते. निघतं तेही 'मंजूर'.

मी वळते तर पुन्हा आमचंच ऑफिस, मास्तर टेबलापाशी उभे आहेत. त्यांच्या जागी, ज्याला काढायचं त्याला बसवतात त्या स्टुलावर, यास्मिन बसलीय. ओढणी नीट सावरून, शाळेत बसल्यासारखी.

"यास्मिन, ऊठ! तू इथं कशाला? इथं मेलेली माणसं आहेत."

"माझं नाव खोडल्यावर दुसरीकडं कुठं जाऊ, शालनमावशी?"

ती पेल्याकडे हात नेते. पाणी आता गुलाबी आहे. मला एवढी भीती उभ्या जन्मात वाटलेली नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. ही पोर माझ्या देखत पाणी पिणार, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत बसणार.

"विरोधात कोण?" टेबलामागून प्रश्न येतो. चाळीस वर्षांत हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारलेला नाही.

तोंडाचा उपयोग नाही, म्हणून मी हात वर करायला जाते. हात उचलला जात नाही. मनगट कुणीतरी आवळून धरलंय, बोटं रुतलीत. मी हिसका देते. पकड आणखी घट्ट होते. यास्मिन पेला उचलते.

"सोडा! कोण आहे? सोडा मला!"

"अगं, बघ तरी कोणी धरलाय," मास्तर म्हणतात. रागानं नाही, अभ्यासवर्गात म्हणायचे तसं.

मी खाली बघते. माझ्या उजव्या मनगटावर माझाच डावा हात आहे.

मी जोरात ओढते.

माग खडखडताहेत. पंखा फिरतोय, पायाशी खुर्ची रिकामी आहे. मी घामानं भिजलेय. उजवा हात डोक्याच्या वर ताठ उभा आहे आणि मनगटावर चार नखं रुतल्याच्या खुणा आहेत, एकीतून रक्त आलंय. डाव्या हाताच्या नखांखालीही रक्त दिसतंय. साडेचार वाजलेत.

फोन वाजतो. निवास.

"काकी, ठराव लिहून झाला का? 'सर्वानुमते' टाकून ठेवा, आल्याबरोबर सह्या घेतो. उगाच चर्चा नको."

खोटं कशाला बोलू, स्वप्नात वाटली त्याहून आता जास्त भीती वाटतेय. मास्तर मेलेले आहेत, निवास जिवंत आहे. चाळीस वर्षांचं माझं सगळं गणगोत त्या ऑफिसात बसतं. उद्यापासून मला बैठकीचा निरोप येणार नाही. रस्त्यात दिसले तर हीच माणसं पलीकडच्या बाजूनं जातील. मी मास्तरांना बघून जायचे तशी.

"काकी? ऐकताय ना?"

"ऐकतेय. सर्वानुमते नाही होत रे बाबा. एक विरोध आहे."

"कुणाचा? यास्मिनचा? तिचा धरायचा नसतो, काकी."

"तिचाही धरायचा. पण मी म्हणतेय तो तिचा नाही," मी सांगते. "माझा आहे."

शेडमधला खडखडाट त्याला फोनवर ऐकू जात असणार. मी फोन तसाच कानाला धरून ठेवते आणि मनगटावरचं रक्त पदरानं टिपते.