गाठवालीची सहल

यंत्रमागाच्या शेडमध्ये बायका बोलतात, पण आवाज न करता. एवढे माग खडखडत असताना घसा फोडून उपयोग काय? ओठ नीट हलवायचे, समोरचीने ते वाचायचे. जन्म तिथे काढलेल्या बायका चार रांगा पलीकडची भानगडसुद्धा ओठांवरून उचलतात. आमची गाठवाली त्यात पटाईत.

गाठवाली हे नाव शेडनेच दिलेलं. तुटलेला धागा तिने जोडला की कापडावर बोट फिरवून गाठ शोधून दाखवा! पण थंडीच्या सुरुवातीला तिचा उजवा हात मागात सापडला. हाड जुळलं, अंगठा मात्र रुसून बसला. मुकादम म्हणाला, "गाठ मारता आली की ये. तुझा माग कुठे पळून जात नाही." बस्स, त्या एका वाक्यावर बाई जगत होती. नवरा कधीच गेलेला, लेक तिच्या संसारात. घरात सोबतीला काय, तर दोऱ्याचं रीळ. रोज उठून गाठ मारायची आणि रोज ती सुटायची.

झाडांना पालवी फुटली तसा ठेंगणीने हट्टच धरला. ठेंगणी म्हणजे शेजारच्या मागावरची, तरुणपणापासूनची जिवलग. "शनिवार-रविवार तळ्यावर जाऊ. घरात बसून गंज चढेल तुला!" बरोबर शेडमधलीच चष्मेवाली आली. दोघी गाठवालीला पिशवीसुद्धा उचलू देईनात. यांना एवढं गोड वागायला झालंय काय, असं तिच्या मनात आलं खरं. पण माया कुणाला नको असते?

रविवारी सकाळी दोघींनी काठावर चटई टाकली. "मला पाण्यात गरगरतं बाई," ठेंगणी म्हणाली, "तूच जाऊन ये." म्हातारा होडीवाला गाठवालीला घेऊन काठाकाठाने निघाला. रिकामं बसवेना म्हणून तिने शालीचे दोन सुटे दोरे ओढले आणि नेहमीचा चाळा सुरू केला. अंगठा वाकला. चक्क वाकला! गाठ बसली. दातांनी ओढून पाहिली, तरी सुटेना.

"अगं बाई!" ती अशी ओरडली की म्हाताऱ्याचं वल्हं निसटता निसटता राहिलं.

मैत्रिणींना दाखवायला तिने हात वर केला. पण त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या. शेजारी परकी माणसं, विषय नाजूक. म्हणून दोघी जन्माच्या सवयीने आवाज न करता बोलत होत्या. आवाज बंद म्हणजे गुपित राहिलं, एवढंच त्यांना ठाऊक. अरे कर्मा, जिच्यापासून लपवायचं तिलाच ही भाषा सगळ्यात चांगली येते, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही!

"आज सांगून टाक," चष्मेवालीचे ओठ म्हणाले.

"कुठल्या तोंडाने? महिना झाला, माझी सून गाठवालीच्या मागावर उभी राहते. मीच मुकादमाचे पाय धरले."

"ती आशेवर बसलीये गं."

"तिचा हात काही बरा होत नाही आता. देवाशप्पथ, होणार असता तर मी माग मागितलाच नसता."

गाठवालीने हात खाली घेतला. रडू आलं, संतापही आला, पण काढायचा कुणावर? ठेंगणीचा मुलगा घरी बसून होता, सुनेच्या पगारावर चूल पेटत होती. हे तिला माहीत नव्हतं का?

"अजून एक फेरी मारू?" होडीवाल्याने विचारलं.

"मारा. मला कुठे जायचंय?"

ती उतरली तेव्हा ठेंगणीने हात देऊन तिला वर घेतलं. मग घाबरत घाबरत विचारलं, "हात कसा आहे गं आज?"

गाठवालीने शाल घट्ट लपेटली. गाठ मुठीत होती.

"हात गेला तो गेलाच," ती मोठ्याने म्हणाली. "गाठ काही जमायची नाही आता. मुकादमाला सांग, माझी वाट बघू नका म्हणावं."

ठेंगणीने सुटकेचा श्वास सोडला. तो कळायला ओठ वाचावे लागले नाहीत. मग तिने गाठवालीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि गाठवालीच तिची पाठ थोपटत राहिली, उजव्या हाताने.