कोशातली थरथर

तापानं सोमारीचे कान नेले तेव्हा ती विशीत होती. आरमोरीजवळच्या त्या धिवरांच्या वस्तीत तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. दारातून हाक मारायची, ओ आली नाही की निघून जायचं, इतकंच. नवरा होता तोवर अंगणात पाय आपटून तिला बोलावी. तिच्या तळव्यांना ते नेमकं कळे. तो गेला आणि जमीनही गप्प झाली.

वर्षातून एकदा मात्र तिचं अंगण भरे. पावसाळ्याआधी बियाणाचे कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोश, निवडायचे असत. कोशातला किडा वाळून मेलेला असला तर खुळखुळतो, ते कुणालाही ऐकू येतं. रोगट किड्याचा आवाज नसतो, आणि तो बियाणात राहिला की येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर सोडलेल्या साऱ्या अळ्या नासतात. सोमारी कोसा बोटांच्या टोकांत धरी. धडधाकट किडा आत जोरानं वळे. रोगट नुसता कापे. ती कापरी हालचाल तिच्याखेरीज कुणाला लागत नसे.

मालगुजारांची जमीनदारी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोसे उकळण्याचं मडकं कलंडलं आणि ते सावरताना तिच्या दोन्ही हातांची बोटं भाजली. फोड बरे झाले, पण वर आली ती कातडी जाड, गुळगुळीत. तिनं कुणाला सांगितलं नाही.

तिचा धाकटा दीर मुखरू नेहमीसारखा टोपली घेऊन आला. मागून बायका आल्या.

"बसा वो गुपचूप," त्याची सून सुकरी म्हणाली, "बाईच्या बोटाईले कान फुटले हायेत." दरवर्षीचंच वाक्य, सोमारीनं ते ओठांवरून ओळखलं आणि हसली.

पहिला कोसा बोटांत धरला. काहीच नाही. दुसरा, तसाच. तिनं तो ओठांना लावला.

"मुका घेऊन राह्यली का वो!" बायका खिदळल्या.

ओठांना कोशाचा खरखरीतपणा कळला, तंतू न् तंतू कळला, थरथर नाही. मग तळहात. तिथं दांडगे किडे धक्का देत होते. दुबळे मात्र हरवत होते, आणि निवडून काढायचे होते ते तर तेच.

अंदाजानं दोन ढीग केले असते तरी कुणी शंका घेतली नसती. सगळ्या तिच्याकडेच पाहत होत्या. सोमारीनं टोपली पुढे सरकवली.

"भाऊजी, माही बोटं मेली. मले काई कळून नाई राह्यलं."

मुखरू बराच वेळ बोलला. पण मान खाली घालून, त्यामुळे तिला एक शब्दही वाचता आला नाही. मग त्यानं टोपली उचलली. शेजारी त्याच्या अंगणात बायका पुन्हा गोल बसल्या, एकेक कोसा कानाशी हलवत. कुणीतरी काही बोललं, सगळ्या हसल्या.

सोमारी आत आली. उकळलेल्या कोशाचं टोक शोधून तिनं धागा उघड्या मांडीवर वळायला घेतला. मांडीला फार काही कळत नाही. धागा ओढला जातोय, तेवढं कळतं.