दवऱ्यातला पिंपळ

कॉफी निववायला पसरट पितळी दवऱ्यात ओतली, की मला अजून ओल्या मातीचा वास येतो. दोष माझ्या काकांचा. पन्नास सालानंतर केव्हातरी, कुंभकोणमात बोन्साय हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा, त्यांनी गोपुराच्या फटीतला पिंपळ काकूच्या दवऱ्यात लावला आणि तारेनं वळवून वीतभरच ठेवला. त्याच्या सावलीत एक मुंगी झोपायची, तीही पाय पोटाशी घेऊन.

"माझा दवरा द्या!" काकू रोज ओरडायची.

मग सोमवती अमावास्या आली. पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायचं काकूचं व्रत, आणि गुडघे असे सुजलेले, की नदीकाठचा पिंपळ तिला काशीइतका लांब. व्रत मोडणार म्हणून ती रडायला लागली. काकांनी दवरा आणून अंगणात पाटावर ठेवला.

"अहो, एवढासा देव चालेल?"

"तुझ्याच दवऱ्यात वाढलाय. नाही कसा म्हणेल?"

बातमी फुटली आणि गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या घागरी घेऊन हजर! "पोदुम्, पोदुम्! पुरे पाणी!" काका ओरडत होते. अर्धी कावेरी आमच्या अंगणातून वाहिली, शपथेवर सांगतो. काकांच्या एका हातात झाडावर धरलेली छत्री, दुसऱ्यात काकूचा कोपर. तेव्हा मी त्यांच्या तारांबळीला हसलो. आता आठवतं ते हे, की छत्री कितीदा पडली, कोपर एकदाही सुटला नाही.

व्रत पुरं झालं, कॉफी आली. काका ओशाळून दवरा रिकामा करायला वाकले.

"खबरदार, देवाला उठवाल तर!" म्हणत काकूनं वाफाळता पेलाच तोंडाला लावला, जीभ भाजून घेतली आणि दोन कोसांवरच्या स्वामीमलैपर्यंत ऐकू जाईल अशी हसली.