शनिवारचं तेल आणि उजवा डोळा

डोळा हे विवेकाचं आसन आहे, असं मी तंजावरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत असे. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या आसनावर उजेड पाडला आणि म्हणाल्या, "सर, उजव्या डोळ्यात मॅच्युअर कॅटरॅक्ट आहे. डाव्यातही येतोय. इतके दिवस काय बघत होता?"

कॅटरॅक्ट म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं. मॅच्युअर म्हणजे पुरता पिकलेला. मला वाटत होतं, बल्बच हल्ली हलके बनवतात. वर्षभरात घरातले सगळे बल्ब मी दोनदा बदलले होते.

शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. जुनं भिंग काढून त्या जागी इंट्राऑक्युलर लेन्स, म्हणजे डोळ्याच्या आत बसणारं कृत्रिम भिंग ठेवलं. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मी दचकलोच. समोरच्या कॅलेंडरवरची राहुकाळाची बारीक अक्षरं वाचता येत होती. माझी पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं धोतर, पांढरी नव्हती. हे घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी येताना तमिळमध्ये छापलेला एक कागद मिळाला. त्यावर दहा सूचना. डोळा चोळू नये. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नये. झोपताना आय शील्ड, म्हणजे भोकं असलेली प्लास्टिकची वाटी, डोळ्यावर चिकटवावी. पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नये. असंच आणखी. मी तो कागद तीनदा वाचला. वाचता येतंय याचंच अप्रूप होतं.

मग शनिवार आला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. तुमचं अभ्यंगस्नान दिवाळीपुरतं. आम्ही तंजावरचे मराठी इथे राहून तमिळ लोकांसारखे दर आठवड्याला डोक्याला तिळाचं तेल चोळून शिकेकाईने नहातो. पुरुष शनिवारी, बायका शुक्रवारी. माझा शनिवार लहानपणापासून चुकलेला नव्हता.

माझी मोठी बहीण, अक्का, माझी शुश्रूषा करायला पापनाशमहून आली होती. ती तेलाची वाटी गरम करूनच बाहेर आली. "डोळा कापला की आंगात सूडु चढतो रे. आज तर तेल पाहिजेच." सूडु म्हणजे उष्णता.

"अक्का, डॉक्टर नोको म्हणालेत," माझी बायको कमला म्हणाली.

"पाणी नोको म्हणालेत. तेल नोको म्हणालेत की?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी कागद आणला. दहाही सूचना वाचल्या. तेलाचा उल्लेख कुठेच नव्हता. मी निवाडा दिला: निषिद्ध पाणी आहे, तेही डोक्यावरून. खुर्चीत मान मागे टाकून बसलं, तर पाणी डोक्यामागून जातं.

कमलाने पिशवी उचलली. "मी भाजी आणायला जाते. तुमचं तर्कशास्त्र नीट धुऊन घ्या."

मान मागे होती. तेल लावून, शिकेकाईचा एक हात देऊन डोक्यामागून पाणी ओतून झालं होतं. अक्काने दुसऱ्या हातासाठी शिकेकाईची पूड ताटलीत ओतली, तिची धूळ उडाली आणि मला शिंक आली. शिंकताना माणूस पुढे वाकतो, हे मी विचारात घेतलं नव्हतं. कपाळावरून तेल, शिकेकाई आणि पाणी सरळ उजव्या डोळ्यात उतरलं. मग मी दहातली पहिली सूचना मोडली. डोळा चोळला.

डोळा उघडला तेव्हा कॅलेंडर नव्हतं. भिंतही नव्हती. नुसता पांढरा धूर होता आणि आग.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं नाही. जवळ येऊन नुसता वास घेतला आणि माझ्या हातातला सूचनांचा कागद पाहिला.

"शनिवारी एकदोघे येतातच," त्या म्हणाल्या. "पण कागद वाचून आलेले तुम्ही पहिले."

त्यांनी डोळा सलाईनने धुतला आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, तपासला. कॉर्नियल अब्रेजन होतं. म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरचटला होता. "तो भरून येईल. मला भीती एन्डॉफ्थॅल्मायटिसची आहे. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. शस्त्रक्रियेची जखम अजून ओली आहे. संसर्ग आत गेला, तर डोळा वाचवणं अवघड. रोज सकाळी या."

आयुष्यात इतका सोपा युक्तिवाद मी ऐकला नव्हता.

तीन दिवस सकाळी आम्ही तिघं इस्पितळातल्या बाकावर बसलो. आजूबाजूला काळे चष्मे घातलेली माणसं. अक्काने त्या दिवसांत धड जेवण केलं नाही. दुसऱ्या सकाळी ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "माझा डोळा काढून तुला लावतात की रे? विचार ना." तिच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू मला माझ्या धुरातूनही दिसत होता. मी तिचा हात धरला. हाताला अजून तेलाचा वास होता.

चौथ्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्रावरून मान वर केली. "आत काही नाही. सुटलात."

घरी येऊन मी आधी कॅलेंडर वाचलं. राहुकाळ चालू होता.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची पाळी येणार आहे त्यांना एवढंच सांगतो. डोळा दुखला, लाल झाला, दिसणं कमी झालं, तर त्याच तासाला इस्पितळात जा. घरचं काही डोळ्यात घालू नका. आणि कागदावर जे लिहिलेलं नाही, ते घरी नाही, डॉक्टरांना विचारा.

मी त्या डॉक्टरीणबाईंचा जन्मभर ऋणी आहे. माझ्या डाव्या डोळ्याची आणि अक्काच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात एकाच दिवशी आहे. त्यासाठी आम्हाला नवा कागद मिळाला. त्यावर अकरा सूचना आहेत. अकरावी एका ओळीची आहे: तेलसुद्धा नको.